जे मोडीत निघत नाही

मराठीत 'मोड' हा मोठा गुणी शब्द आहे. कडेला चीर गेलेले पातेले, चेपलेला हंडा, कान तुटलेली कढई, ही सगळी घरातली मोड. ती कासाराच्या तागडीत घालायची, वजनाचे पैसे वळते करून घ्यायचे आणि वर थोडी भर घालून नवे भांडे घरी आणायचे, हा व्यवहार आपल्या आज्या-पणज्यांनी जन्मभर केला. सोन्याचेही तेच. आजीच्या पाटल्या मोडून आईच्या बांगड्या झाल्या आणि त्या बांगड्यांचे उद्या काय होईल हे माझ्या बहिणीच्या लग्नात कळेल. जुनी लुगडी बोहारणीकडे, रद्दी वाण्याकडे पुड्या बांधायला, शेण गोवऱ्यांना, राख भांड्यांना. 'मोडीत काढणे' या वाक्प्रचारात आपण आज तुच्छता ऐकतो. पण मुळात त्यात तुच्छता नाही. मोडीत काढलेली वस्तू पुन्हा घडते, असा तो विश्वास आहे.

या लेखाचा विषय एक अशी वस्तू आहे, जी मोडते. पण मोडीत निघत नाही.

कलाशाखेच्या वार्षिकात प्लॅस्टिकवर लेख पाहून काही वाचक पान उलटतील, याची मला कल्पना आहे. हे रसायनशास्त्राच्या मुलांचे काम, आपण कादंबरी आणि काव्य पाहावे, असे आमच्यातले काहीजण प्रामाणिकपणे मानतात. मी अर्थशास्त्र हा विषय घेऊन तृतीय वर्षात शिकते. ज्या वस्तूची किंमत आज एक जण देतो आणि उद्या दुसराच कोणी देतो, ती वस्तू माझ्या विषयाच्या हद्दीत येते, एवढाच माझा अधिकार. रसायनशास्त्र मी लागेल तेवढेच उसने घेणार आहे.

प्लॅस्टिक म्हणून आपण सरसकट ज्याला नावे ठेवतो त्याच्या दोन जाती आहेत. एक जात मेणासारखी. तापवली की मऊ होते, साच्यात घातली की आकार घेते, गार झाली की घट्ट. पुन्हा तापवा, पुन्हा मऊ. आपल्या बादल्या, दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या या जातीच्या. दुसरी जात भाकरीसारखी. पीठ, पाणी आणि तव्याची धग यांची एकदा भाकरी झाली की झाली. ती पुन्हा तापवाल तर करपेल. तिचे पीठ काही होणार नाही. परिभाषेत पहिलीला उष्मामृदू म्हणतात आणि दुसरीला उष्मादृढ. पहिल्या जातीत लांबच लांब रेणू शेवयांसारखे एकमेकांत गुंतलेले असतात, पण बांधलेले नसतात. धग लागली की सरकतात. दुसऱ्या जातीत एकेक शेवई शेजारच्या शेवईला जागोजाग गाठ मारून बांधलेली असते. गाठी इतक्या की सगळी वस्तू म्हणजे जणू एकच महाकाय रेणू. सरकायला कुणी मोकळेच नाही, मग वितळणार कोण?

या दुसऱ्या जातीचा मूळपुरुष बेकेलाइट. मूळचा बेल्जियमचा आणि अमेरिकेत स्थायिक झालेला लिओ बेकलंड याने १९०७ साली ते तयार केले. आपल्या जुन्या वाड्यांतली विजेची काळी बटणे, आजोबांच्या रेडिओचे खोके, कुकरची काळी मूठ, हे सारे त्याच कुळातले. त्यानंतरच्या पिढीत इपॉक्सी आले. १९३० नंतर जर्मनीत पॉल श्लाक, स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां आणि अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांनी ते निरनिराळ्या वाटांनी गाठले आणि १९४६ साली स्विस कंपनी सीबाने ते 'अ‍ॅरल्डाइट' या नावाने बाजारात आणले. एका नळीत राळ, दुसऱ्या नळीत तिला घट्ट करणारे हार्डनर. दोन्ही वेगवेगळ्या असतात तोवर चिकट पाक. एकत्र आल्या की काही तासांत दगड. आमच्या घरी नळाच्या गळत्या सांध्याला वडील जे एम-सील लावतात, तेही हेच. दोन रंगांच्या कांड्या कणकेसारख्या मळायच्या, रंग एकजीव झाला की चटकन थापायच्या. उशीर झाला की कणीक हातातच दगड होते आणि वडील आईवर उगाच चिडतात.

येथे एक गोष्ट इमानाने सांगितली पाहिजे. इपॉक्सीला मी शत्रू मानत नाही. फुटलेल्या कपाचा कान, चिरलेली पाण्याची टाकी, चपलेचा सुटलेला तळ, देव्हाऱ्यातल्या मूर्तीचा निखळलेला हात, या सगळ्यांना दहा-दहा वर्षांचे आयुष्य त्याने दिले आहे. दुरुस्ती करणाराचा तो मित्र आहे, आणि जो वस्तू दुरुस्त करून वापरतो त्याच्याहून मोठा पर्यावरणवादी मला तरी माहीत नाही. चिमूटभर राळेने हंडाभर वस्तू वाचत असेल तर त्या चिमटीचा हिशेब मागण्यात अर्थ नाही. हिशेब मागायचा तो राळेचीच वस्तू करणाऱ्यांकडे.

आणि ती करणारे दूर कुठे नाहीत, आमच्याच वर्गात आहेत. यंदाच्या आनंदमेळाव्यात भेळेच्या गाड्यापेक्षा जास्त गर्दी 'रेझिन आर्ट'च्या टेबलाभोवती होती. पारदर्शक राळेत गोठवलेली गुलाबाची पाकळी, सोनेरी वर्ख, त्यात नावाचे पहिले अक्षर. कुणाची किल्ल्यांची साखळी, कुणाचे कानातले. माझ्या मैत्रिणींनी रात्री जागून ते केले होते आणि ते सुबक होते, यात शंका नाही. एकीच्या मनगटावर मात्र आठवडाभर पुरळ होते. न घट्टलेल्या राळेने आणि हार्डनरने कातडीला अ‍ॅलर्जी होते, आणि एकदा जडली की पुढच्या वेळी थोड्याशानेही उठते, ही गोष्ट वैद्यकात जुनी आहे. पण बाटलीवरच्या बारीक अक्षरांत हातमोज्यांबद्दल काय लिहिले आहे ते वाचायला कुणाला सवड नव्हती. उरलेले मिश्रण मोरीत ओतायचे नसते, ते भांड्यातच घट्ट होऊ देऊन मग टाकायचे असते, हेही कुणी सांगितले नाही.

पण पुरळ बरे होते. माझी खरी तक्रार निराळी आहे. हल्ली लग्नातल्या वरमाला राळेत बुडवून त्यांची चौकट भिंतीवर लावण्याची टूम निघाली आहे. मोठ्या हौसेने लोक त्याला हजारो रुपये मोजतात. आता आपल्याकडे फुलाला एक मरण ठरलेले आहे आणि ते मोठे देखणे मरण आहे. देवावरून उतरले की ते निर्माल्य. ते वाहत्या पाण्यात किंवा तुळशीच्या मुळाशी. त्यावर पाय पडू द्यायचा नाही, एवढा त्याचा मान; आणि त्याला घरात साठवायचेही नाही, एवढे शहाणपण. वरमालेतला निशिगंध दुसऱ्या दिवशी कोमेजतो म्हणून तर पहिल्या दिवशी त्याचा वास येतो. राळेतल्या निशिगंधाला वास नाही. नातवंडांना ती चौकट नकोशी झाली की ती कुठे जाणार, हा प्रश्न मी एका नवविवाहित आतेबहिणीला विचारला. ती म्हणाली, "तू ना, अगदी अशुभ बोलतेस!" मी गप्प बसले, पण प्रश्न गप्प बसला नाही.

असो. वरमाला आणि किल्ल्यांच्या साखळ्या यांनी पृथ्वी बुडणार नाही. इपॉक्सीचा मोठा संसार दुसरीकडेच आहे. कारखान्यांच्या गुळगुळीत जमिनी, डबाबंद खाद्याच्या डब्यांची आतली बाजू, लोखंडी पुलांचे आणि जहाजांचे रंग, नव्या विमानांची अंगे, आणि आपल्या प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमधली हिरवी पाटी. त्या हिरव्या पाटीचे पहिले दर्शन मला मामांच्या दुकानात झाले.

माझ्या मामांचा कराडला भंगाराचा धंदा आहे. सुट्टीत मी तिथे वही सांभाळते. लोखंड, पत्रा, तांबे, पितळ, पुठ्ठा, बाटल्या, प्रत्येकाचा ढीग वेगळा आणि भाव वेगळा. सर्किटच्या पाट्याही किलोवर घेतल्या जातात, कारण त्यांत तांबे असते आणि कणभर सोनेही. पण पाटीचे अंग म्हणजे काचेच्या तंतूंचे कापड आणि त्यात मुरवलेले इपॉक्सी. पेट घेऊ नये म्हणून त्यात बहुधा ब्रोमीनची संयुगे घातलेली. पोत्यांत भरून त्या पाट्या उत्तरेकडे जातात. दिल्लीचे सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातले मुरादाबाद ही त्या धंद्याची नावे वर्तमानपत्रांत अनेकदा येऊन गेली आहेत. उघड्यावर पाट्या जाळायच्या, आम्लात बुडवायच्या, तांबे काढून घ्यायचे, असा तो उद्योग. आगीला दाद देऊ नये म्हणून जे घातले तेच जाळताना विषारी धूर होऊन तिथल्या बायकापोरांच्या छातीत जाते. ई-कचऱ्याचे नियम आपल्याकडे २०११ साली झाले, २०१६ साली बदलले, २०२२ साली पुन्हा नवे झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणीकृत कारखान्यांत हे काम नीट होतेही. पण पोत्यात भरलेली पाटी त्या कारखान्यात जाते की गल्लीत, हे ठरवतो तो भाव. आणि गल्लीचा भाव नेहमी दोन रुपयांनी चढा असतो, कारण गल्ली आपल्या फुप्फुसांचा खर्च हिशेबात धरत नाही.

त्याच दुकानात एकदा टेम्पोवाला पांढरी, गुळगुळीत, होडीच्या तुकड्यासारखी एक चीज घेऊन आला. पठारावरच्या पवनचक्कीच्या पात्याचा तो कापलेला तुकडा होता. मामांनी त्यावर नखाने टिचकी मारली आणि हात झटकला. "ह्याचं काय करू? इतळत न्हाय, तुटत न्हाय, जाळलं तर गाव गोळा होईल. परत ने बाबा." मी म्हटले, "मामा, फुकट देतोय तो." मामा म्हणाले, "अगं, फुकटचं ठेवायलाबी जागा लागती."

अर्थशास्त्राच्या पुस्तकात 'ऋण किंमत' असा शब्द मी वाचला होता; त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

सातारा जिल्ह्यातल्या वाचकांना पवनचक्क्या नव्याने सांगायला नकोत. चाळकेवाडीचे पठार आणि पाटण तालुक्यातले वनकुसवडे येथे गेल्या शतकाच्या अखेरीपासून त्या उभ्या राहू लागल्या. ठोसेघरचा धबधबा पाहायला जाणाऱ्या सहली आता पवनचक्क्यांशीही फोटो काढतात. पवनचक्कीचे आयुष्य साधारण वीस ते पंचवीस वर्षांचे धरतात. म्हणजे पहिल्या फळीची वये भरत आली आहेत. त्यात खांब पोलादाचा, तो मोडीत जातो. जनित्रात तांबे, त्याला तर गिऱ्हाइके रांगेत. पाया काँक्रीटचा, तो बहुतेक तिथेच राहतो. उरते ते पाते. काचेचे तंतू आणि त्यांना घट्ट धरणारी राळ. काहींत पॉलिएस्टर, काहींत इपॉक्सी, पण दोन्ही भाकरीच्याच जातीची. पाते असे असावे लागते, हेही खरे. वीस वर्षे ऊन, सह्याद्रीचा पाऊस आणि घोंघावता वारा खाऊन ते वाकता कामा नये, जड होता कामा नये. ज्या गुणासाठी ते निवडले तोच गुण शेवटी आडवा येतो.

अमेरिकेत वायोमिंग राज्यातल्या कॅस्पर या गावी अशी पाती कापून ओळीने जमिनीत पुरल्याची छायाचित्रे २०२० च्या सुमारास जगभर फिरली. ती पाहून आपल्याकडेही काही मंडळींना हर्ष झाला. 'बघा तुमची हरित वीज!' असे म्हणणारे एक गृहस्थ आमच्या बसथांब्यावरसुद्धा भेटतात. त्यांना माझे उत्तर असे की, दगडी कोळशाची राख आपल्या देशात अलीकडच्या वर्षांत दरसाल पंचवीस कोटी टनांहून अधिक निघते, आणि ती पाहायला वायोमिंगला जावे लागत नाही. कोराडीला किंवा चंद्रपूरला जावे. त्या डोंगरापुढे पात्यांचा ढीग म्हणजे वारुळ. वारुळाकडे बोट दाखवून डोंगर झाकू पाहणारांच्या पंक्तीला मी बसणार नाही. पण म्हणून वारुळ नाहीच, असे म्हणणाऱ्या उत्साही मंडळींच्या पंक्तीलाही मला बसायचे नाही. देशातली पवनऊर्जेची उभारणी २०२५ च्या मार्चअखेर पन्नास हजार मेगावॉटच्या पुढे गेली. आज उभे केलेले प्रत्येक पाते २०५० च्या आसपास कोणाच्या तरी दारात उतरणार आहे, आणि तेव्हा आम्ही, हे वार्षिक वाचणारे विद्यार्थी, पन्नाशीकडे झुकलेले असू. हा आमच्याच पिढीचा हिशेब आहे.

मग याचे करतात काय? सरकारी उत्तर आहे. २०१६ च्या प्लॅस्टिक कचऱ्याच्या नियमांत उष्मादृढ प्लॅस्टिकच्या वाट्याला जेमतेम एक ओळ आली आहे: केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्याची विल्हेवाट लावावी. त्या तत्त्वांचा कल सिमेंटच्या भट्टीकडे आहे. पात्याचे तुकडे भट्टीत घातले की राळ जळून उष्णता देते, तेवढा कोळसा वाचतो. आणि काच ही मूळची वाळूच असल्याने ती सिमेंटमध्ये मुरते. जर्मनीत हे बरीच वर्षे चालू आहे. कारण तिथे असला कचरा पुरायला २००५ पासून बंदी आहे. उघड्यावर जाळण्यापेक्षा किंवा पुरण्यापेक्षा हे शंभरपटीने बरे, यात वाद नाही. माझा वाद शब्दाशी आहे. याला काही अहवाल 'पुनर्चक्रण' म्हणतात. आपल्याकडे अग्नी दिल्यावर अस्थी पाण्यात जातात आणि राख शेतात, म्हणून त्याला कुणी पुनर्जन्म म्हणत नाही. ते अंत्यसंस्कारच आहेत. नीट, विधीपूर्वक केलेले. अंत्यसंस्कार म्हणावेत, आणि त्यांची लाजही वाटू देऊ नये. शिवाय भट्ट्या आहेत चुनखडीच्या मुलखात, आपल्या राज्यात चंद्रपूरकडे, नाहीतर सीमेपलीकडे कर्नाटकात. पात्याचे तुकडे शेकडो किलोमीटर नेण्याचे भाडे कोण देणार, हे तत्त्वांत लिहिलेले नसते.

दुसरी वाट नुसत्या उष्णतेची. हवा कोंडून तापवले की राळ वायू आणि तेल होऊन निघून जाते व तंतू उरतात. विमानांतल्या कार्बनच्या तंतूंसाठी हे परवडते, कारण तो तंतू महाग. काचेचा तंतू मुळात स्वस्त, आणि एवढ्या उष्णतेत त्याची निम्मी-अधिक ताकदही निघून जाते. नव्या स्वस्त तंतूपेक्षा जुना, दुबळा आणि महाग तंतू कोण घेणार? येथे रसायनशास्त्र हरलेले नाही, बाजार हरला आहे. म्हणून तर मी म्हणते की हा विषय आमचा.

आता थोडी चांगली बातमी. पॅरिसच्या एका जुन्या संस्थेत लुडविक लाइब्लर या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली एक नव्या तऱ्हेचे इपॉक्सी दाखवले. त्याला त्यांनी 'व्हिट्रिमर' म्हटले. त्याची युक्ती मला भोंडल्यावरून कळली. फेर धरलेल्या मुलींनी एकमेकींचे हात घट्ट धरले आहेत. फेर तुटत नाही. पण गाणे रंगात आले की एखादी एकीचा हात सोडून त्याच क्षणी दुसरीचा धरते. हात तितकेच धरलेले, फेर अखंड. पण उभे राहण्याचा क्रम बदलला, गोलाचा लंबगोल झाला. तापवल्यावर व्हिट्रिमरच्या गाठी अशाच हातबदल करतात. गार केले की हात जिथे असतील तिथे घट्ट. म्हणजे भाकरीचे पीठ झाले नाही, तरी भाकरी दुमडता आली, सांधता आली. ही मला गेल्या काही वर्षांतली सर्वांत सुंदर कल्पना वाटते, आणि ती कुठल्याही कवीला सुचली नाही याची थोडी खंतही वाटते.

त्यानंतर गाडी वेगाने पुढे गेली आहे. सीमेन्स गमेसा या कंपनीने २०२१ साली असे पाते जाहीर केले की ज्याची राळ सौम्य आम्लाच्या गरम द्रावणात सुटते आणि तंतू मोकळे होतात. २०२२ साली जर्मनीजवळच्या उत्तर समुद्रात ती पाती बसलीही. त्या राळेमागचे रसायन आदित्य बिर्ला समूहाच्या थायलंडमधल्या कंपनीचे आहे, म्हणजे त्यात आपल्या भांडवलाचाही हात आहे. डेन्मार्कमध्ये ऑर्हुस विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली त्याहून अवघड गोष्ट दाखवली: आधीच उभ्या असलेल्या जुन्या इपॉक्सीच्या गाठी रुथेनियम या धातूच्या उत्प्रेरकाने सोडवून त्यातून तंतू आणि राळेचा मूळ कच्चा माल, दोन्ही परत मिळवले. म्हणजे भाकरीचे पीठ झाले! मात्र वेळ लागतो आणि रुथेनियम स्वस्त नाही. प्रयोगशाळेतल्या काचपात्रातून कारखान्याच्या टाकीपर्यंतची वाट लांब आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने २०२४ साली वनस्पतिजन्य साखरेपासून निघणाऱ्या राळेचे नऊ मीटरांचे नमुन्याचे पाते करून दाखवले; तीही काही तासांत सुटी होते.

शिवाय काही साधी माणसे साध्या वाटेने गेली. डेन्मार्कच्या ऑल्बोर्ग शहरात एका जुन्या पात्याखाली सायकली उभ्या करतात. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात २०२२ साली जुन्या पात्यांच्या तुळया करून पादचाऱ्यांचा पूल बांधला. आमच्या मामांना हे दाखवले तेव्हा ते म्हणाले, "ओढ्यावरचा साकव व्हईल की ह्याचा." पठारावरच्या वाड्यावस्त्यांचे साकव पावसाळ्यात किती वेळा वाहून जातात हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हे हसण्यावारी नेऊ नये. मात्र भार पेलेल की नाही हे अभियंत्याने तपासून, सही करून. शेळ्यांच्या गोठ्यावर कुणीतरी टाकलेल्या तुकड्यासारखे नव्हे. कापलेल्या कडांतून काचेची कुसे निघतात आणि ती अंगाला खाजतात.

पण नवी राळ निघाली म्हणून ती वापरली जाईल, असे मानणे भाबडेपणाचे आहे. पिगू नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने 'द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' या ग्रंथात १९२० सालीच सांगून ठेवले की, एखाद्या व्यवहाराचा खर्च व्यवहाराबाहेरच्या तिऱ्हाइतावर पडत असेल तर बाजार तो खर्च आपण होऊन मोजत नाही. आमचे सर हे फळ्यावर दोन वक्ररेषा काढून शिकवतात. माझ्या डोळ्यांपुढे वक्ररेषा येत नाहीत, तो टेम्पोवाला येतो. पाते बनवणाऱ्याने पैसे घेतले, वीज विकणाऱ्याने घेतले, कर भरणाऱ्याने कर वाचवला. आणि शेवटचा तुकडा गेला तो मोडीच्या दुकानाच्या दारात, अनाथासारखा.

यावर माझ्या मते जुनाच एक उपाय आहे, तो म्हणजे अनामत. सोड्याची बाटली परत आणून देईपर्यंत दुकानदार चार आणे ठेवून घेत असे, हे वडीलधारी मंडळी सांगतात. आमच्या ग्रंथालयातही पुस्तक परत येईल याची खात्री माणसाच्या सज्जनपणावर सोडलेली नाही, अनामतीवर सोडली आहे. पाते उभारतानाच त्याच्या उतरणीचा खर्च कुठल्या तरी खात्यात बाजूला पडला पाहिजे, आणि पाते नीट परत गेल्याशिवाय तो मोकळा होता कामा नये. ज्याची राळ सुटते त्याला अनामत कमी, ज्याची सुटत नाही त्याला जास्त. मग बघा, कारखानदार आपण होऊन रुथेनियमची चौकशी करतात की नाही! यावर आमच्या वर्गातल्या एका मित्राचा आक्षेप असा की त्याने वीज महागेल. महागेल, थोडी. पण ती आजही तेवढीच महाग आहे, फक्त फरकाचे बिल पठारावरच्या शेतकऱ्याच्या नावे जाते आणि आपल्याला दिसत नाही.

हे सांगायची वेळ आताच आहे. केंद्र सरकारने जुन्या पवनचक्क्या काढून त्या जागी मोठ्या बसवण्याचे धोरण २०१६ साली आणले आणि २०२३ साली ते सुधारून पुन्हा जाहीर केले. सह्याद्रीच्या पठारांवर वारा उत्तम, जागा जुन्याच यंत्रांनी अडवलेल्या. तेव्हा तेथे हे होणारच. लहान पाती उतरतील आणि साठ-सत्तर मीटरांची नवी पाती घाटरस्त्याने वर चढतील. त्या वेळी रस्ता, भाडे, नोकऱ्या यांवर ग्रामसभांत बोलणी होतील. आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी त्याच भागात जाते. झाडे लावतो, गटारे उपसतो, रात्री पथनाट्य करतो. पुढच्या शिबिरात एक दिवस मोकळा काढून, कुठल्या गावात किती जुनी पाती पडून आहेत, कुणाच्या बांधावर आहेत, त्यांचा मालक कोण, याची यादी करावी आणि ती ग्रामपंचायतीच्या दप्तरात द्यावी, असे मी कार्यक्रम अधिकाऱ्यांना सुचवले आहे. नव्या कराराच्या मसुद्यावर सही होण्याआधी 'पात्याची राळ कोणती, ती सुटते कशाने आणि पंचवीस वर्षांनी ते कोण घेऊन जाणार' हे तीन रकाने त्यात भरलेले आहेत की नाहीत, हे वाचून दाखवायला एक विद्यार्थी पुरे. मराठी वाङ्‌मय मंडळाचा असला तरी चालेल.